'शुद्ध निकेल' म्हणून पितळ: गिटारच्या तारांत माझे १३,८०० रुपये गेले

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांच्या पाकिटावर 'शुद्ध निकेल' छापून आत पोलादी गाभ्यावर पितळेची गुंडाळी असलेल्या तारा विकणारा एक माणूस पुण्या-मुंबईतल्या वादकांच्या समूहांत अजूनही राजरोस माल खपवत आहे. मी पुण्यात गिटारचे वर्ग घेतो. विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमासाठी सर्वांच्या गिटारला एकाच जातीच्या तारा असाव्यात, म्हणून एका नामवंत अमेरिकन कंपनीचे १० ते ४६ हजारांश इंच जाडीचे ३० संच मी त्याच्याकडून घेतले. प्रत्येकी ४५० रुपयांप्रमाणे १३,५०० आणि कुरियरचे ३००, असे एकूण १३,८०० रुपये मी मोजले.

प्रकार तुमच्या ओळखीचाच आहे: नमुना अस्सल, ठोक माल बनावट. आधी त्याने १,२०० रुपयांत दोन संच पाठवले, ते निःसंशय खरे होते. हाच संच मला एरवी ८५० रुपयांना पडतो. त्याच्या जवळजवळ निम्म्या किमतीत कोणी देऊ लागला तर शंका यायला नको होती का, असे आता मला विचारले जाते. विक्रेता म्हणाला होता, "सर, आम्ही थेट आयात करतो, मध्ये दलाल नाही, म्हणून हा भाव बसतो." ठोक खरेदीत सवलत मिळतेच, आणि नमुना माझ्या हातात होता, कोणत्याही समंजस माणसाने हाच निर्णय घेतला असता. मात्र पैसे दुकानाच्या खात्याऐवजी एखाद्या व्यक्तीच्या नावावर मागितले, तर पुढे एक शब्दही बोलू नका.

पाकीट उघडल्याचा क्षण माझ्या मनातून जात नाही. त्या कंपनीच्या सहा तारांच्या टोकांचे मणी सहा वेगळ्या रंगांचे असतात आणि नमुन्यातही तसेच होते. ठोक मालात सगळे मणी पिवळे निघाले. मी त्याच वेळी फोन केला, तेव्हा "सर, नवीन लॉट आहे, पॅकिंग बदललंय" असे उत्तर मिळाले. कंपन्या वेष्टन बदलतात हे मी अनेकदा पाहिलेले होते, आणि त्या एका वाक्याने माझी रास्त शंका गप्प केली.

तारा चढवल्यावर दुसरी खूण समोर आली. पहिल्या तीन साध्या तारा खणखणीत वाजत होत्या आणि चौथ्या तारेपासून, म्हणजे जिथून गुंडाळीच्या तारा सुरू होतात तिथून, आवाज एकदम खाली बसत होता. मी पिकअपची, म्हणजे तारांचे कंपन विजेत बदलणाऱ्या भागाची, उंची बदलली, त्यावरचे प्रत्येक तारेखालचे पोल-पीसचे स्क्रू फिरवले, ॲम्प्लिफायर तपासला. तारांवर मात्र संशय गेला नाही, कारण हीच या फसवणुकीतली खरी मेख आहे. शुद्ध निकेलचा स्वर मवाळ आणि उबदार असतो हे प्रत्येक वादक जाणतो. १९५० च्या दशकातला तो गोल आवाज हवा असणारे या तारा मुद्दाम घेतात. निकेल लोहचुंबकीय असले तरी लोखंडापेक्षा बरेच कमी, त्यामुळे निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांपेक्षा त्याचा आवाज सौम्य येणे स्वाभाविक असते. म्हणजे तार निर्जीव वाजली तरी ऐकणारा तो निकेलचाच गुण समजतो. पाकिटावर स्टेनलेस स्टील लिहिले असते, तर त्या तारांची लखलखीत धार नाही हे मी पहिल्याच झंकारात ओळखले असते. विक्रेत्याने धातूचे नाव विचारपूर्वक निवडले होते.

पिकअपमधील चुंबक तारेला चुंबकत्व देतो आणि ती कंप पावली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. पिकअपला ते जवळजवळ दिसतच नाही. ४६ च्या जाड तारेत पोलादी गाभा साधारण १७-१८ हजारांश इंच असतो, बाकी सारी गुंडाळी. ती पितळेची निघाली की फक्त गाभाच ऐकू येतो. ॲकॉस्टिक गिटारवर पितळी आणि फॉस्फर ब्राँझच्या तारा उत्तम वाजतात, कारण तिथे लाकूड बोलते. इलेक्ट्रिकवर तोच धातू मुका ठरतो. अखंड तारेला चुंबक लावून काही कळत नाही, कारण गाभा चिकटतोच. चौथ्या तारेची गुंडाळी उकला आणि तेवढीच चुंबकाजवळ धरा. माझी हलली नाही. कानशीने घासली तेव्हा आत पिवळा धातू निघाला, आणि मुलांच्या बोटांवर हिरवट डाग पडत होते त्याचेही कारण समजले.

सराफाकडे १०० रुपये देऊन क्ष-किरण यंत्रावर तपासणी करून घेतली. मुख्यतः तांबे आणि जस्त, निकेल नावापुरते. तो कागद घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने तार हातात धरून विचारले, "सर, ही साडेचारशेची वायर, हिच्यासाठी गुन्हा दाखल करायचा?" साडेचारशेचा हिशेब मांडणाऱ्याला १३,८०० चा आकडा मी पुन्हा पुन्हा सांगत होतो. सराफाचा कागद सरकारी प्रयोगशाळेचा नाही म्हणून बाजूला ठेवला गेला. सरकारी प्रयोगशाळेकडे नमुना पाठवायचा तर आधी गुन्हा नोंदवलेला हवा. माल मिळाला आहे, म्हणजे हा ग्राहक आयोगाचा विषय, असे सांगून मला तिकडे पाठवले. आयोगाच्या कार्यालयात विक्रेत्याचा पत्ता मागितला, आणि तो पोलिसांनी शोधल्याशिवाय मिळणारच नव्हता. वर ३० संच म्हणजे व्यापारी खरेदी, तुम्ही ग्राहक कसे, असा प्रश्न आला. मी एक रुपयाही नफा न घेता मूळ किमतीत विद्यार्थ्यांना संच दिले होते आणि पालकांना ते पैसे स्वतःच्या खिशातून परत केले आहेत. बँकेने तर, व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला, एवढ्या एका ओळीत हात झटकले. बनावट व्यापारचिन्हाखाली माल विकण्यास १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. पण कायद्याचे ते पान उघडण्याची तसदी एकाही खुर्चीने घेतली नाही.

पैसे गेल्याचे कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, कागदपत्रे जमवत बसू नका. ठोक मालातला वरचा संच न पाहता मधला उघडा आणि उघडताना चित्रीकरण करा. पक्के बिल देण्यास खळखळ करणाऱ्याचा माल घेऊ नका. बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या पट्टीवर) बोट नुसते टेकवून काढलेला हार्मोनिक आणि तिथेच दाबून काढलेला स्वर, सेतू म्हणजे तारा टेकतात तो ब्रिज कितीही सरकवला तरी जुळत नसेल, तर तारेची जाडी सर्वत्र सारखी नाही असे समजा.

याच माणसाकडून कोणी तारा घेतल्या असतील, तर पाकिटे, मणी, संदेश आणि भरणा केल्याची पावती जपून ठेवा आणि मला कळवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ नुसार, आयोगाच्या परवानगीने, समान तक्रार असलेल्या अनेकांच्या वतीने एकत्र अर्ज करता येतो, आणि तो आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल होतो. माझा अर्ज तयार आहे.