पाउच भरतो, पण रिकामा होत नाही: बोट, सराव, नळी की पुन्हा शस्त्रक्रिया?

‘दिवसातून बारा वेळा जावं लागतंय’ असं म्हटलं की समोरचा लगेच सांगतो, जुलाब झालेत, लोपेरामाइड घ्या. जे-पाउच असलेल्या माणसाने इथे थोडं थांबावं. अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) मोठं आतडं काढलं आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची पिशवी, म्हणजेच पाउच, शिवून गुदद्वाराला जोडली, की दिवसाला चार ते आठ वेळा सैलसर शी होणं आणि रात्री एखादी फेरी होणं हे ठरलेलंच. पण दर खेपेला दोन चमचे येऊन थांबत असेल, हात धुऊन बाहेर पडेपर्यंत पुन्हा कळ येत असेल आणि तरी ओटीपोट भरलेलंच वाटत असेल, तर पाउच तुंबलेला असण्याची शक्यता ध्यानात घ्यावी. अशा वेळी लोपेरामाइड किंवा इसबगोल घेतलं, की शी घट्ट होऊन अडकणं आणखी वाढू शकतं. माझ्या पाउचच्या पहिल्या वर्षी मी चार महिने नेमकं हेच केलं. वर अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, कारण पाउचला सूज आली की लक्षणं बरीचशी अशीच असतात. तिसऱ्या कोर्सच्या आधी कुणीतरी हातमोजा घालून बोटाने तपासलं, तेव्हा कळलं की करंगळीसुद्धा जेमतेम आत जात होती.

म्हणून उपायांची तुलना करण्याआधी अडतंय कुठे ते शोधायला हवं. बोटाने तपासणी, दुर्बिणीने पाउच पाहणं, रंगद्रव्य घालून एक्स-रे, गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजणं, पाण्याचा छोटा फुगा बाहेर टाकता येतो का ते बघणं, गरज पडली तर शौचाच्या वेळची एमआरआय. सगळ्यांना सगळं लागत नाही. पहिल्या दोन तपासण्यांशिवाय मात्र कुठल्याच उपायाला हो म्हणू नये.

पाउच आणि गुदद्वार यांचा जोड आकसला असेल, तर पहिला पर्याय तो रुंद करण्याचा. जोडावर पडद्यासारखा पातळ पापुद्रा धरला असेल, तर ओपीडीत बोटानेही तो सुटतो. शस्त्रक्रियेनंतर शी गोळा करायला पोटावर तात्पुरती बॅग असते तेव्हा त्या वाटेने शी जात नाही, त्या काळात असा पापुद्रा धरणं काही विशेष नाही. जाड, लांब आकुंचन असेल तर भूल देऊन धातूचे डायलेटर किंवा दुर्बिणीतून फुगा वापरतात. काम काही मिनिटांचं आणि आराम बहुतेकदा लगेच, पण जोड पुन्हा आकसतो आणि फेऱ्या माराव्या लागतात. रक्तस्राव होण्याची आणि क्वचित भोक पडण्याची जोखीम असते. आकुंचन लांब असेल किंवा जोडाच्या वरच्या भागात असेल, तर मूळ आजार क्रोन्सचा (पचनमार्गात कुठेही सूज आणणारा दुसरा आजार) तर नाही ना, हे डॉक्टरांना विचाराच.

जोड मोकळा आहे, दुर्बिणीत सूजही नाही, तरी बाहेर काही येत नाही, तेव्हा दोष बहुधा कुंथण्याच्या पद्धतीत असतो. सैल सोडायचे ते स्नायू आपण नकळत आवळतो. वर्षानुवर्षं कोलायटिसमध्ये ‘धरून ठेवा, धरून ठेवा’ हेच शरीराला शिकवलेलं असतं, त्यामुळे यात नवल नाही. इथे उपयोगाचं ते बायोफीडबॅक: पडद्यावर स्वतःच्या स्नायूंचा दाब पाहत, तो सोडायला शिकणं. कापाकापी नाही, औषध नाही, धोका जवळपास नाही. उलट बाजूला काही आठवडे खेपा घालाव्या लागतात, घरी रोज सराव करावा लागतो आणि पाउचचा अनुभव असलेला फिजिओथेरपिस्ट मोठ्या शहरातसुद्धा शोधावा लागतो. पाउचच्या रुग्णांवरचे यासंबंधीचे अभ्यास छोटे आहेत, तेव्हा खात्री कुणी देऊ नये. तरीही दोष स्नायूंचाच असेल तर मी सुरुवात इथूनच करेन. डायलेटेशनने आवळलेला स्नायू सुटत नाही आणि सरावाने आकसलेला जोड रुंद होत नाही. लोक नेमकी इथेच गल्लत करतात.

तिसरा पर्याय नळीचा. याचं नाव काढलं की माणसं दचकतात, म्हणून थोडा इतिहास सांगतो. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या पार्क्स आणि निकोल्स या सर्जननी १९७८ मध्ये ज्या पहिल्या पाउचची माहिती प्रसिद्ध केली, ते इंग्रजी ‘एस’ आकाराचे होते आणि त्यांना खाली गुदद्वाराशी जोडणारी आतड्याची लांब तोटी होती. त्या तोटीमुळे बऱ्याच रुग्णांना पाउच नळीनेच रिकामा करावा लागायचा. पुढे जपानच्या उत्सुनोमिया यांनी इंग्रजी ‘जे’ आकाराचा पाउच मांडला, त्यात तोटीच नव्हती. म्हणजे पाउचच्या जन्मापासून नळी सोबत आहे, तिच्यात कमीपणा कसला?

मऊ, जाड सिलिकॉनची नळी, साधारण २८ ते ३० फ्रेंच मापाची, म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर जाडीची. जेली लावून अलगद आत सरकवायची, शी घट्ट असेल तर थोडं कोमट पाणी सोडायचं आणि वाहू द्यायचं. जोर अजिबात लावायचा नाही. अडली की थांबायचं. पहिल्या खेपा स्टोमा नर्सच्या (पोटावरच्या बॅगेची आणि पाउचची काळजी शिकवणारी नर्स) देखरेखीखालीच करा, व्हिडिओ बघून नव्हे. खर्च कमी आणि आराम तात्काळ, पण कारण तसंच राहतं. स्वच्छतेची कटकट असते आणि प्रवासात पिशवीत एक डबा वाढतो.

पाउचला पीळ पडला असेल, तो खाली घसरत असेल किंवा तोटी लांब असेल, तर या तिन्हींनी फार तर दिवस ढकलले जातात. मग निवड उरते पाउच दुरुस्त करण्याची किंवा पोटावर कायमची बॅग घेण्याची. दुरुस्तीत पुन्हा मोठी शस्त्रक्रिया, बहुधा पुन्हा काही महिने तात्पुरती बॅग, आणि शेवटी पाउच चालेलच याची हमी नाही. अशा शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनलाच गाठा. त्यांनी स्वतः अशा किती केल्या, हे विचारायला संकोच करू नका. कायमच्या बॅगेत कळ, धावपळ, रात्रीचं उठणं संपतं. बदल्यात पाणी आणि मीठ भराभर कमी होतं, उन्हाळ्यात ओआरएस जवळ ठेवावंच लागतं, आणि पाउच आत तसाच ठेवला तर त्याची अधूनमधून दुर्बिणीने तपासणी चुकत नाही. नोकरी, वय, घरात कोण आहे, यावर हा निर्णय ठरतो. इथे डॉक्टरांइतकाच तुमचा शब्द मोलाचा.

कुठलाही मार्ग धरला तरी दहा मिनिटांहून जास्त कुंथत बसू नका. कमोडवर पायाखाली छोटा पाट घ्या, पुढे वाका, श्वास पोटात सोडा. उकिडवं बसण्याची सवय असलेल्यांना यात फार शिकावं लागत नाही. ओलं खोबरं, मक्याचे दाणे, शेंगदाणे नीट चावा, नाहीतर आतड्यात गोळा होतो. आणि पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, शी-वारा दोन्ही बंद झाले, तर पोट साफ करायचं औषध घेऊ नका, नळी घालून बघत बसू नका. थेट इमर्जन्सीत जा आणि दारातच सांगा की मला पाउच आहे.

माझ्या बाबतीत जोड दोनदा रुंद केला आणि मग सहा आठवडे सराव केला. आता नळी महिन्यातून दोनदा लागते, बहुतेक वेळा लग्नाच्या पंगतीनंतर.