दमा असूनही टिकले अशी पहिली व्यायामाची बॅच

मला लहानपणापासून दमा, त्यामुळे पीटीच्या तासाला मी कायम बाकावर. एकदा जिम लावली तर ट्रेनरने पहिल्याच दिवशी ट्रेडमिलवर पळवलं, अशी धाप लागली की परत पाय ठेवला नाही. म्हणून युनिव्हर्सिटीने आजार असलेल्या मुलांसाठी वेगळी बॅच काढली तेव्हा मैत्रिणीने अक्षरशः ओढत नेलं. चार महिने झाले, मनापासून सांगते, जा.

पहिल्या दिवशी व्यायाम नाहीच. औषधं कोणती, डॉक्टर काय म्हणाले, भीती कशाची वाटते हे बॅच घेणाऱ्या मॅडमनी शांतपणे विचारलं आणि मग दहा मिनिटं नुसतं चालणं. वेग किती? तर बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढंच. मी डॉक्टरांना विचारून इन्हेलर पंधरा मिनिटं आधी घेते, वॉर्मअप सावकाश. टाइप वन डायबिटीसवाला एक मुलगा आधी शुगर तपासतो, ९० च्या खाली असली की ग्लुकोज घेऊन थांबतो, कोणी घाई करत नाही. डब्ल्यूएचओ आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, पण मॅडम म्हणाल्या आकडा राहू दे, आज आलीस ना. परीक्षेत दोन आठवडे दांडी झाली तर ओरडा नाही, फक्त मेसेज, "कशी आहेस? जमेल तेव्हा ये." त्या मेसेजमुळेच परत गेले बघा.

तक्रार एकच, संध्याकाळची वेळ प्रॅक्टिकलच्या आड येते, सकाळची बॅच हवीच. परवा लायब्ररीचा तिसरा मजला न थांबता चढले.