टॅकोमाला टुंड्राचे ब्रेक: काही महिने वापरून झाल्यावर

माझ्या टोयोटा टॅकोमा पिकअपला मी त्याच कंपनीच्या मोठ्या टुंड्रा पिकअपचे पुढचे ब्रेक बसवले. ब्रेक बदलल्यावर गाडी आधीपेक्षा कमी अंतरात थांबते का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. रिकामी गाडी, कोरडा रस्ता आणि एकदाच दाबलेला ब्रेक असेल, तर फार फरक पडत नाही. मूळ ब्रेकसुद्धा चाक जाम करू शकत होते, आणि चाक जाम होण्याच्या पुढे सगळं टायरच्या पकडीवर असतं. कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबून धरणारा भाग) कितीही मोठा बसवला तरी टायर त्याहून जास्त देत नाही. हा खर्च मी पहिल्या ब्रेकसाठी केलेलाच नाही. भरलेली गाडी लांब उतारावरून खाली आणताना दहाव्या-पंधराव्या वेळी दाबलेल्या ब्रेकसाठी केला, आणि तिथे तो पुरेपूर वसूल झाला.

गाडी पहिल्या पिढीतली टोयोटा टॅकोमा, फोर बाय फोर, मागे ड्रम ब्रेक, एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मूळ टायर २२५/७५ आर १५, म्हणजे २८ इंचांहून किंचित जास्त उंचीचे. आता २६५/७५ आर १६ आहेत, म्हणजे साडेएकतीस इंच. नुसत्या या बदलाने तेवढ्याच ब्रेकिंगसाठी डिस्कवर सुमारे १२ टक्के जास्त जोर लागतो, कारण टायरची त्रिज्या वाढली आणि डिस्क होती तेवढीच राहिली. त्यात पुढचा लोखंडी बंपर, हौद्यावरचा टप, हत्यारं आणि अधूनमधून ट्रेलर. कारखान्यातून निघाली तेव्हा ब्रेक तिच्या वजनाला पुरेसे होते; वजन मी वाढवलं.

उतारावर ब्रेक तापून निकामी का होतात, याचा हिशोब सोपा आहे. अडीच टनांची गाडी ताशी १०० वरून थांबवली की जवळपास ९६५ किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, आणि त्यातली बरीचशी पुढच्या दोन डिस्कमध्ये जाते. ८०च्या वेगाला हाच आकडा ६१७ वर येतो. डिस्क जितकी जाड आणि जड, तितकी ती ही उष्णता कमी तापून पोटात घेते. टुंड्राची डिस्क हातात घेतली की फरक लगेच कळतो: दोन पृष्ठांमधली हवेची फट रुंद, आणि वजन असं की एका हाताने चाकाच्या बोल्टवर चढवताना मनगट कुरकुरतं.

पहिल्या पिढीच्या टुंड्राचे कॅलिपर याच गाडीवर का घेतात, तर ते मूळ जागेवर, मूळ बोल्टला बसतात. चार पिस्टनचे (पॅड ढकलणाऱ्या दट्ट्यांचे) आहेत, वेगळा ब्रॅकेट करावा लागत नाही. त्यांत दोन मापं मिळतात. अंगावरच ओतीव अक्षरं असतात: १३डब्ल्यूएल हा लहान, १३डब्ल्यूई हा मोठा. दोघांच्या डिस्क आणि पॅड वेगळे आहेत. विक्रेता गाडीचं वर्ष सांगेल, पण भरवसा त्या अक्षरांवर ठेवा. मी लहान घेतला. मोठ्याला चाकाच्या आत जागा फारच कमी उरते, आणि माझी अलॉय चाकं मला बदलायची नव्हती.

जागेचं प्रकरण मात्र हलक्यात घेऊ नका. चाक बसवून हाताने पूर्ण फिरवा आणि स्पोकच्या मागची फट बघा. माझ्याकडे स्पोक सुटले, पण बॅलन्सिंगसाठी आतून चिकटवलेलं एक वजन कॅलिपरला घासून खरवडलं गेलं. ते काढून दुसऱ्या जागी लावून घेतलं. आणि स्टेपनी! ती १५ इंचीच होती, आता पुढच्या चाकावर ती चढतच नाही. रस्त्यात पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चाक काढून पुढे लावा, स्टेपनी मागे लावा, असा व्याप होतो. शिवाय उंचीतला फरक वेगळाच. मी १६ इंची स्टेपनी घेतली. तिचा खर्च सुरुवातीपासून हिशोबात धरा.

बसवण्यात अवघड असं थोडंच आहे. डिस्कमागचा पत्रा आड येतो, तो कापायचा किंवा वाकवायचा. ब्रेकची लोखंडी नळी किंचित वळवून घ्यावी लागते. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून नळी कुठे ताणत वा घासत नाही हे बघायचं. हबवरचा गंज वायर ब्रशने नीट काढला नाही, तर नवी डिस्कसुद्धा डुलते आणि पायाला थरथर जाणवते. कॅलिपर डावा-उजवा पाहून लावा. हवा काढायचा निपल वरच्या टोकाला आला पाहिजे. तो खाली गेला तर हवा वर अडकते आणि बाटलीभर ब्रेक ऑइल ओतलं तरी पेडल स्पंजसारखंच राहतं. हवा काढताना मागच्या ॲक्सलजवळच्या लोड व्हॉल्व्हचाही (गाडीतल्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह) निपल विसरू नका.

पेडलविषयी बऱ्याच जणांना शंका असते. पिस्टनचं क्षेत्रफळ वाढलं की तेवढंच पॅड सरकवायला ऑइल जास्त लागतं, म्हणून पेडल थोडं खोल जातं. यावर काही जण मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा भाग) एक इंच बोअरवरून, म्हणजे आतल्या व्यासावरून, १-१/१६ इंचावर नेतात. त्याने पेडलच्या तेवढ्याच चालीत १३ टक्के जास्त ऑइल सरकतं, पण पायाच्या तेवढ्याच जोराला दाबही साधारण त्याच प्रमाणात कमी मिळतो. म्हणजे पेडल कडक वाटतं, छान वाटतं, आणि मोठ्या कॅलिपरने दिलेल्यातलं थोडं परत जातं. मी मूळ सिलिंडर ठेवला. पहिला आठवडा पेडल खोल वाटलं, मग पायाला सवय झाली.

आता तक्रार. कॅलिपर नवे नव्हते, दुरुस्त करून विकलेले होते. काही आठवड्यांनी गाडी ब्रेक दाबताना हळूच डावीकडे जाऊ लागली. आधी अलाइनमेंटवर संशय घेतला. मग फिरून आल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही डिस्क मोजल्या, तर डावी स्पष्टपणे जास्त तापलेली. उजवे पॅड बाहेर काढले तेव्हा कारण समोर आलं: एक पॅड एका टोकाला झिजलेला, दुसऱ्या टोकाला जवळजवळ नवा. चारपैकी एक पिस्टन जाम होता. त्याचं रबर मागे सारलं तर काठावर गंजाचा तांबूस खड्डा, वर नुसतं ग्रीस फासलेलं. विक्रेत्याने बदलून दिला, पण उलटा प्रश्न विचारून विचारून. दुरुस्त केलेला कॅलिपर घेतलात तर बसवण्याआधी रबर उचलून चारही पिस्टन डोळ्यांनी बघा.

त्यानंतर गाडी सरळ थांबते. ट्रेलर लावून लांब घाट उतरलो. गिअर खालचा ठेवला होताच, ब्रेक मोठे म्हणून तो नियम बदलत नाही. पूर्वी अर्ध्या उतारावर पेडल लाकडासारखं कडक व्हायचं, गाडी मात्र धरायची नाही, आणि पॅडचा जळका वास केबिनमध्ये यायचा. या वेळी खालपर्यंत पेडल त्याच जागी, त्याच जोरात. ब्रेक ऑइल डॉट ४ प्रतीचं भरलंय. तापून ऑइल उकळलं तरी ब्रेक जातात, म्हणून हे बघायचं. त्याचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, डॉट ३चा २०५. पाणी शोषल्यावर ते अनुक्रमे १५५ आणि १४० वर येतात, म्हणून जुनंच ऑइल ठेवून नुसते कॅलिपर बदलणं मला पटत नाही.

एक गोष्ट अजून मनासारखी नाही. पुढचे ब्रेक तगडे झाल्यामुळे रिकाम्या गाडीत नाक आधीपेक्षा जास्त खाली जातं आणि ओल्या रस्त्यावर पुढची चाकं लवकर जाम होऊ पाहतात. गाडी उंच केलेली असेल तर भर आणखी पडते. मागचा लोड व्हॉल्व्ह दांडीने ॲक्सलला जोडलेला असतो. चेसिस वर गेली की त्याला गाडी रिकामीच वाटते आणि तो मागे दाब कमी सोडतो. मी व्हॉल्व्हचा ब्रॅकेट उचललेल्या उंचीच्या हिशोबाने सरकवून घेतला आणि ड्रमचे लायनर ॲडजस्ट केले. नाक खाली जाणं बरंच कमी झालं, पूर्ण गेलं नाही. मागे डिस्क लावायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. पण मागची चाकं पुढच्यांआधी जाम झाली तर गाडी फिरते, आणि तो समतोल नव्याने जुळवणं घरच्या अंगणात होण्यासारखं काम नाही. ड्रम आहेत तसेच राहतील. पुढच्या सर्व्हिसला पॅड तेवढे जरा मऊ मिश्रणाचे घेऊन बघणार आहे, कारण सध्याचे पहाटेच्या थंडीत पहिल्या दोन-तीन ब्रेकला किंचाळतात.