सी ॲन्ड ओ कॅनॉलचा टोपाथ आणि ग्रॅव्हल सायकल: मार्च ते नोव्हेंबर वापरून झाल्यावर

डीसी-मेरीलँड-व्हर्जिनियातल्या आपल्या मंडळींपैकी कोणी ना कोणी विचारतच असतं की ग्रॅव्हल बाईक (खडी-मातीच्या वाटांसाठीची जाड टायरची सायकल) घेऊ का, कुठली घेऊ, सी ॲन्ड ओ म्हणजे चेसापीक ॲन्ड ओहायो कॅनॉलच्या काठच्या वाटेला चालेल का, पोरांना घेऊन जाता येईल का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. मी जर्मनटाऊनला राहतो, मार्चपासून थंडी पडेपर्यंत बहुतेक सगळे मोकळे वीकेंड याच वाटेवर घातलेत, वॉशिंग्टनमधलं जॉर्जटाऊन ते मेरीलँडमधलं कंबरलँड, आधी तुकड्यातुकड्यांनी आणि मग ऑक्टोबरात टेंट बांधून सलग. सायकल काही फार भारी नाही, ॲल्युमिनियमची फ्रेम, डिस्क ब्रेक, ड्रॉप (खाली वळलेलं) हँडल, मधल्या किमतीतली. माझं मत आधीच सांगून ठेवतो, कुठली सायकल यापेक्षा मागच्या तीन दिवसांत पाऊस किती झालाय हे जास्त महत्त्वाचं. पुढचं हवामान सगळे बघतात, इथे मागचं बघायचं.

का ते सांगतो. पोटोमॅक नदीच्या काठाने हा कालवा जातो, १८४.५ मैल, म्हणजे पावणेतीनशेच्या वर, तीनशेला थोडे कमी किलोमीटर. पाण्यातल्या बोटी खेचरं ओढायची आणि ती खेचरं ज्या वाटेने चालायची ती वाट म्हणजे टोपाथ. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला नदी, डोक्यावर झाडांचं छत. उन्हाळ्यात हे छत म्हणजे वरदान, बाहेर ३५ डिग्री असताना आत सुसह्य वाटतं. पण त्याच छतामुळे ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, खाली माती चिकट, त्यामुळे मंगळवारी पडलेल्या पावसाचं डबकं शनिवारी तसंच बसलेलं असतं. बऱ्याच भागात आता बारीक खडी टाकून दाबून पृष्ठभाग नवा केलाय, तिथे पावसाच्या दुसऱ्या दिवशीही मजेत जाता येतं, पण तो पट्टा संपला की दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत, आणि चाकोरीत पाणी. कोरड्या आठवड्यात मी जो टप्पा हसत केला तोच ओल्यात करताना दुप्पट वेळ लागला आणि घरी आल्यावर सायकल धुवायला तासभर, वेगळा.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळे म्हणतात सपाट आहे, सोपं आहे. सपाट आहे हे खरंच. अख्ख्या कालव्यात ७४ लॉक्स (बोटी वर-खाली न्यायचे दारं असलेले हौद) आहेत आणि सगळे मिळून ६०५ फूट चढ, प्रत्येक लॉकला साधारण आठ फुटांचा छोटासा उंचवटा, तेवढाच काय तो चढ. पण सपाट म्हणजे पायाला सुट्टीच नाही हो. घाटात निदान उतारावर बसून राहता येतं, इथे पेडल मारायचं थांबलात की दहा-पंधरा सेकंदात सायकल पण थांबते, आणि चाळीस मैल एकाच पोझिशनमध्ये बसून तळवे बधीर आणि बूड, जाऊ दे. सायकलबरोबर आलेली सीट मी एप्रिलमध्येच काढून टाकली, रुंद आणि मधे खाच असलेली घेतली, हँडलला जाड टेप गुंडाळली. या दोन खर्चांनी जेवढा फरक पडला तेवढा महागड्या गिअरने पडला नसता.

टायर. सायकलबरोबर ३८ चे (मिलिमीटर रुंदीचे) होते, जॉर्जटाऊन ते ग्रेट फॉल्स त्यांच्यावर छान चाललं पण पुढे मुळं आणि खड्डे सुरू झाले की हातापर्यंत दणके. ४५ चे टाकले, ट्यूबलेस केले, माझं वजन पंचाहत्तर किलोच्या आसपास आहे, तर पुढे ३० आणि मागे ३३ पीएसआय हवा ठेवतो. तेव्हापासून रस्त्यात पंप काढावा लागलेला नाही, पण सीलंट, म्हणजे पंक्चर बुजवणारं आतलं द्रव, दर तीन-चार महिन्यांनी भरायचं हे दुकानदार सांगत नाहीत, ते वाळून आत कागदासारखं होतं. खोल नक्षीचे टायर घेऊ नका, चिकट माती त्या खाचांत बसते आणि कोरड्यात उगाच घरघर. मधे गुळगुळीत आणि कडेला थोडी नक्षी, बास.

मडगार्डबद्दल जरा भांडण होईल. लोक म्हणतात फुल मडगार्ड लावा. मी लावले, वसंतात उत्तम, पाठ कोरडी. पण ऑक्टोबरच्या शेवटी वाटेवर पानांचा थर आणि त्याखाली ओली माती, ती पानं आणि माती मिळून टायर आणि मडगार्डमध्ये असा गिलावा बसतो की चाक फिरेनासं होतं, काडीने उकरत बसा. टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर जागा असेल तरच लावा, नाहीतर शरद ऋतूत काढून ठेवा. ब्रेक पॅडचंही तेच, चिखलाने साधे रेझिनचे पॅड पटापट झिजतात, आता धातूचे टाकलेत, ओल्यात किंचाळतात पण टिकतात.

आता बायकोची गोष्ट, कारण ती या सगळ्या चर्चेचं उत्तरच आहे. तिच्याकडे जुनी हायब्रिड, सरळ हँडलची, तिला बसतील तेवढे जाड, म्हणजे ४२ चे, टायर बसवून दिले. कोरड्या दिवशी ती माझ्या बरोबरीने चालते, गप्पा मारत. वेग असाही ताशी १५ मैलांच्या वर न्यायला परवानगी नाही, आणि घंटी सक्तीची आहे, मागून येताना वाजवायचीच, त्यामुळे कोणाला रेस लावायची असेल तर ही जागाच नाही.

टप्प्यांबद्दल. जॉर्जटाऊन ते ग्रेट फॉल्स हा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात वैतागाचा भाग, वीकेंडला कुत्री, बाबागाड्या, फोनमध्ये बघत चालणारे. सकाळी सातच्या आत गेलात तर कालव्यात पाणी, ओंडक्यांवर रांगेने कासवं, उथळात राखाडी-निळे मोठे बगळे, आणि नऊनंतर जत्रा. धबधबा बघायला बेटावर जी लाकडी वाट जाते तिथे सायकल नेता येत नाही, कुलूप बरोबर ठेवा. कालव्यात सलग पाणी असणारा भाग वायोलेट्स लॉकपर्यंत, साधारण २२ मैल, त्यानंतर कालवा म्हणजे बऱ्याच ठिकाणी झाडं उगवलेला कोरडा खंदक.

आई-बाबा उन्हाळ्यात आले होते तेव्हा त्यांना रायलीज लॉकला नेलं. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर, मुठा कालव्याच्या कामांवर आयुष्य गेलेलं, त्यांनी धबधबा पाच मिनिटं बघितला होता आणि इथे लॉकपाशी तासभर. १०० फूट लांब, १५ फूट रुंद हौद, दोन्ही टोकांना दोन-दोन दारं, ती पाण्याच्या वरच्या बाजूला टोक करून मिटतात म्हणजे पाणी जेवढं ढकलेल तेवढी घट्ट बसतात, मोटर नाही काही नाही, माणसाने लाकडी दांडा ढकलायचा. तिथलाच सेनेका नावाचा लाल दगड स्मिथसोनियनच्या किल्ल्यासारख्या इमारतीला लागलाय. लॉकला जोडूनच ओढ्यावरून कालवा नेणारा दगडी पूल होता, त्याची एक कमान १९७१ च्या पुरात गेली, बाकीच्या उभ्या आहेत. बाबा म्हणाले, ‘पाया बघ, कमान नको बघू.’ पुढे मोनोकसी नदीवरचा जलसेतू तर सात कमानींचा, ५१६ फूट, १८३३ मध्ये पुरा झालेला, यादवी युद्धात १८६२ साली तो उडवायचा प्रयत्न झाला आणि फसला. त्यावरून सायकल चालवताना खाली नदी, आणि तुम्ही जिथून चाललाय त्याच्या शेजारी एके काळी बोट चालायची हे डोक्यात बसायला मला वेळ लागला.

हार्पर्स फेरीला जायला नदीवरच्या रेल्वे पुलाला लागून पायवाट आहे, पण मी गेलो तेव्हा वर चढायला गोल लोखंडी जिना होता, सामान लावलेली सायकल खांद्यावर घेऊन तो चढणं म्हणजे शिक्षा. पिशव्या आधी काढा, दोन फेऱ्या करा.

विल्यम्सपोर्टच्या अलीकडे बिग स्लॅकवॉटर आहे. तिथे कड्यामुळे कालवा खणायला जागाच नव्हती, म्हणून बोटी थेट नदीतून जायच्या. वाट पुरांनी तोडली होती, २०१२ मध्ये काँक्रीटची नवीन करून उघडली, कड्याला चिकटून, खाली पाणी. मला विचाराल तर १८४ मैलांतले हे सगळ्यात उत्तम मैल. हॅनकॉकच्या आसपास पाऊस झाला असेल तर टोपाथ सोडा आणि समांतर जाणारा डांबरी वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल धरा, २८ मैल. त्यातला एक बोगदा वटवाघळांसाठी बंद आहे, तेवढ्यापुरतं परत टोपाथवर उतरावं लागतं.

पॉपॉ बोगदा. ३,११८ फूट, काम १८३६ ला सुरू आणि १८५० ला संपलं, अंदाज दोन वर्षांचा होता. (पुण्यातल्या कुठल्याही पुलाची आठवण येणाऱ्यांनी आपापली घ्यावी.) आत सायकल ढकलत न्यायची, चांगला दिवा हवाच, मोबाईलचा टॉर्च पुरत नाही, वाट खडबडीत आणि कठड्याच्या पलीकडे काळं पाणी. कालवा कंबरलँडला पोचला तो याच १८५० साली, आणि गंमत म्हणजे कालवा आणि बाल्टिमोर-ओहायो रेल्वे या दोन्हींचं काम एकाच दिवशी सुरू झालेलं, ४ जुलै १८२८, आणि रेल्वे १८४२ लाच पोचली. म्हणजे कालवा धंद्यात आधीच हरलेला होता, तरी १९२४ च्या पुरापर्यंत रेटला. नंतर यावरून मोटाररस्ता करायचं घाटत होतं, वॉशिंग्टन पोस्टने त्याला पाठिंबा दिला, तर सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९५४ मध्ये संपादकांना म्हटलं की आधी माझ्याबरोबर पूर्ण चालून बघा. संपादक बरोबर चालले, पूर्ण नाही, पण पेपरने भूमिका बदलली. १९७१ ला हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. आज एकही गाडी न बघता दिवस जातो तो त्या चालण्यामुळे.

सप्टेंबरात पॉपॉची फळं पडलेली दिसतात, हे झाड सीताफळाच्या कुळातलं. गर पिवळा, मऊ, आंबा आणि केळ्याच्या मधलं काहीतरी, मोठ्या बिया. मला आवडलं, बायकोला अजिबात नाही.

कॅम्पिंग मला अपेक्षेपेक्षा सोपं गेलं. पायी आणि सायकलवाल्यांसाठी थोड्या थोड्या मैलांवर जागा आहेत, पैसे नाहीत, आधी येईल त्याला, एका जागी एकच रात्र. टेबल, शेकोटीची जागा, फिरता संडास आणि हातपंप. पंपाच्या पाण्याला आयोडीनचा वास आणि रंग असतो, लिंबू सरबताची पावडर नेली तर पिववतं. थंडीत पंपाचे दांडे काढून ठेवतात, त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यानंतर पाणी स्वतःचं. कचराकुंड्या नाहीत, सगळं परत आणायचं. हॅनकॉकच्या पुढे खायला फार कमी ठिकाणं, आम्ही थेपले, दाण्याची चटणी आणि मेतकूट नेलं होतं, गरम भात स्टोव्हवर. रात्री नदीपलीकडून किंवा अलीकडून मालगाडी जातेच आणि भोंगा देतेच, कापसाचे बोळे घ्या.

गोचिडांची मात्र चेष्टा करू नका. जून-जुलैत गवतातून गेलात तर घरी येऊन गुडघ्यामागे, काखेत, मोज्यांच्या कडेला बघायचंच, लाईम नावाचा आजार त्यांच्यातूनच होतो. तीन पानांची, अंगाला लागली की खाज सुटणारी पॉयझन आयव्ही वाटेच्या दोन्ही कडांना आहे, सायकल टेकवताना बघून टेकवा.

कंबरलँडला संपलं की पुढे पिट्सबर्गपर्यंत ग्रेट ॲलेघनी पॅसेज, १५० मैल. जुन्या रेल्वेमार्गावरची चुन्याच्या दगडाची बारीक खडी, पाणी लगेच निचरतं, सायकल चालवायला तो सरळसरळ चांगला. पण कंबरलँडकडून चढलात तर पहिले चोवीसेक मैल चढच, २,३९२ फूट उंचीवरच्या जलविभाजकापर्यंत, आणि वाटेतला बिग सॅव्हेज बोगदा हिवाळ्यात बंद असतो. पहिल्यांदा लांबचं करणाऱ्यांनी पिट्सबर्गहून निघावं असं माझं मत. ॲमट्रॅकने (प्रवासी रेल्वेने) सायकल नेता येते पण जागा मोजक्या, तिकिटाबरोबरच सायकलचं आरक्षण करा.

तर घ्यायची का? घरात हायब्रिड असेल तर आधी तिला बसतील तेवढे जाड टायर टाका आणि एक महिना चालवा, नंतरही हौस राहिली तर ग्रॅव्हल घ्या, ४५ चा टायर आणि मडगार्ड दोन्ही बसतात ना ते दुकानात बसवून बघा. मला माझी विकायची नाहीये, पण मध्यम उंचीच्या कोणाला एक चक्कर मारून बघायची असेल तर शनिवारी रायलीज लॉकला या, आठच्या आत, नंतर कयाकवाले पार्किंग भरून टाकतात. गुरुवारी-शुक्रवारी पाऊस झाला असेल तर मी तिथे नसेन.