कणकुंबी परिसरातील वनफेरी : हरितद्रव्याविना फुलणाऱ्या वनस्पतींची ओळख

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याकडे जाताना, मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीच्या परिसरात, पावसाळ्याच्या उत्तरार्धात एका निवासगृहातर्फे अर्ध्या दिवसाची वनफेरी आयोजित केली जाते. प्रकाशसंश्लेषण न करणारी रानफुले हा तिचा एकमेव विषय आहे. एवढा नेमका विषय घेऊन चालणारी फेरी आपल्या सीमाभागात क्वचितच आढळते, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

फेरीचे खरे बळ म्हणजे तिचा मार्गदर्शक. खानापूर तालुक्यातला हा तरुण फूल दाखवून पुढे सरकत नाही, तर आधी भोवतालचे गवत पाहायला लावतो. एजिनेशिया इंडिका ही वनस्पती त्याने अशीच समजावून दिली. जमिनीतून वीतभर उंच, पानाविना उभा राहिलेला दांडा, त्याच्या टोकाला एका बाजूने चिरलेला निदलपुंज (फुलाचे बाहेरचे आवरण) आणि त्यातून डोकावणारी जांभळट गुलाबी, किंचित वाकलेली नळी एवढेच वर दिसते. मात्र तिच्या अन्नाचा सारा व्यवहार जमिनीखाली, शोषक अवयवांनी गवताच्या मुळांशी जोडलेला असतो. फुलात वाकून पाहिल्यास ढालीसारखी पसरलेली मांसल कुक्षी, म्हणजे परागकण झेलणारा भाग, दिसते. त्यासाठी भिंग हाती दिले जाते, ही सोय मला फार मोलाची वाटली.

गटातले निपाणीकडचे एक ज्येष्ठ शेतकरी म्हणाले, ‘‘हे तर आमच्या तंबाखूतल्या बंबाखूच्या जातीतलं दिसतंय.’’ त्यावर मार्गदर्शक उत्तरला, ‘‘बरोबर ओळखलंत काका, कूळ एकच.’’ मग त्याने ज्वारीतल्या टारफुला या परजीवी तणाचाही दाखला दिला : तोही ओरोबँकेसी कुळातलाच, परंतु त्याला हिरवी पाने असतात आणि तो थोडे अन्न स्वतः तयार करतो, बंबाखू आणि एजिनेशिया मात्र पूर्णपणे यजमान वनस्पतीवर, म्हणजे ज्या झाडाला चिकटतात त्यावर, जगतात. एजिनेशिया उसाच्या मुळांवरही वाढते आणि फिलिपिन्समध्ये तिने उसाच्या पिकाला उपद्रव दिलेला आहे, हे ऐकून ऊस लावणारी मंडळी एकदम सावध झाली. शेतातल्या तणाच्या आधाराने रानातले फूल समजावणे ही शिकवण्याची उत्तम रीत आहे.

फेरीसोबत मिळणारे माहितीपत्रक मात्र निराश करते. त्यात या सगळ्या वनस्पतींना सरसकट ‘मृतोपजीवी’, म्हणजे कुजक्या पदार्थांवर जगणाऱ्या, म्हटले आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांतली ही समजूत आता टिकत नाही, कारण कुजलेल्या पाचोळ्यातून थेट अन्न घेणारी फुलझाडे ज्ञात नाहीत. काही फुलझाडे दुसऱ्या वनस्पतीला चिकटतात, तर काही बुरशीकडून अन्न मिळवतात. पश्चिम घाटात आढळणारे एपिपोगियम रोझियम हे पर्णहीन ऑर्किड कुजके पदार्थ विघटित करणाऱ्या बुरशीवर पोसले जाते. मुखपृष्ठावर छापलेली पांढरीशुभ्र मोनोट्रोपा युनिफ्लोरा ज्या बुरशीवर जगते, तिला शर्करा जिवंत झाडांच्या मुळांतून मिळते. मोनोट्रोपाच्या दुसऱ्या एका जातीत हा प्रवास ब्योर्कमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1960 साली किरणोत्सारी कार्बन वापरून दाखवून दिला होता. शिवाय मोनोट्रोपा युनिफ्लोरा हिमालयात, पूर्व आशियात आणि अमेरिकेत उगवते, कणकुंबीत नाही. त्यामुळे तिचे चित्र पाहून आलेल्यांचा हिरमोड होतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. छायाचित्र स्वच्छ यावे म्हणून काहींनी फुलाभोवतीचे गवत उपटले आणि आयोजकांपैकी कोणी त्यांना अडवले नाही. गवत हेच या वनस्पतीचे अन्नदाते असताना ते उपटणे म्हणजे तिची रसद तोडणे होय, आणि हे सांगण्याची जबाबदारी शुल्क घेणाऱ्यांवरच येते. गटही मोठा होता. मागे राहिलेल्यांना अर्धे बोलणे ऐकूच येत नव्हते.

फेरी भीमगड अभयारण्याबाहेर, मालकी जमिनीतून जाते, त्यामुळे वेगळ्या परवान्याची खटपट करावी लागत नाही. चहा-नाश्ता साधा पण गरमागरम मिळाला. जळवांसाठी लांब मोजे अवश्य न्यावेत. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि शेतकऱ्यांनी ही फेरी जरूर करावी. नोंदणी करताना मात्र लहान गटाचा आग्रह धरावा आणि माहितीपत्रकापेक्षा मार्गदर्शकाचे बोलणे टिपून घ्यावे.