मिनेसोटातल्या मिल लॅक्स तळ्याच्या बर्फावर वॉलआय मासा शोधायचा, तर फ्लॅशर घ्यावा की लाइव्ह सोनार?

ट्विन सिटीजमधल्या आपल्या मंडळींपैकी कुणी एक-दोन हिवाळे भाड्याच्या फिशहाउसमध्ये (बर्फावरच्या खोपटात) काढले, की स्वतः जागा शोधायची हौस येते आणि गाडी याच प्रश्नावर अडते. मी दोन्ही वापरलेत. दोन्ही ध्वनिलहरींनी मासा शोधतात: फ्लॅशर भोकातून सरळ खाली पाहून तळ आणि मासे रंगीत रेषांत दाखवतो, तर लाइव्ह पोलला (पाण्यात सोडलेल्या दांड्याला) लावून फिरवायचं आणि आजूबाजूचं चालतं चित्र पाहायचं. खालचं सगळं फक्त वॉलआयपुरतं आणि तळाच्या चढउतारांपुरतं आहे: मिल लॅक्सच्या दक्षिणेकडचे दगडगोट्यांचे बार (पाण्याखालचे उंचवटे) आणि उत्तरेकडच्या चिखलपठारांच्या कडा. खोल पाण्यात अधांतरी फिरणाऱ्या क्रॅपी माशांसाठी निवड बहुधा उलटी होईल.

बार मोठा आणि अनोळखी असेल तर लाइव्हला तोड नाही. बर्फातल्या एका भोकातून पोल सावकाश फिरवला की साठ-सत्तर फुटांपर्यंतचा उतार, पुढे आलेलं टोक, सुटा पडलेला धोंडा दिसतो. फ्लॅशरने हेच करायचं तर माथ्यापासून पायथ्यापर्यंत उताराला आडवं न जाता, सरळ खाली उतरत, दर १० फुटांवर एक भोक पाडावं लागतं. फोनवर एक फुटाच्या समोच्चरेषांचा नकाशा असला तर सहा-सात भोकांत भागतं.

पण लाइव्हवर दिसलेला मासा हाती लागतोच असं नाही. दिवसा वॉलआय दगडांना पोट टेकवून पडून असतो आणि हलेपर्यंत त्याचा ठिपका दगडाच्या ठिपक्यात मिसळलेला राहतो. हलला आणि ३५ फुटांवर दिसला, तर दिशा पोलच्या मुठीवरून ठरवायची. तिथे १० अंश चुकले की भोक सहा फूट बाजूला पडतं. पाणी १५ फुटांच्या आत असेल तर ऑगरच्या (बर्फात भोक पाडायच्या गिरमिटाच्या) आवाजानेच तो सरकलेला असतो.

फ्लॅशरचा दोष वेगळा आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय उतारावर बसू नये. त्याच्या ध्वनीचा २० अंशांचा शंकू ३० फुटांवर सुमारे साडेदहा फुटांचं वर्तुळ पाहतो. उतार दर ३ फुटांना १ फूट असेल, तर वर्तुळाची उथळ कड मध्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन फूट वर असते. तिचा प्रतिध्वनी आधी येतो आणि भोकाच्या बरोबर खाली, तळाला लागून असलेला मासा तळाच्या लाल पट्ट्यात गडप होतो. वॉलआय नेमका तिथेच असतो! ९ अंशांचा ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारा आणि पकडणारा भाग) लावला की हाच आंधळा पट्टा पाऊण फुटावर येतो. म्हणून उतारावर बसायचं तर अरुंद शंकूच घ्यावा.

आंधळा पट्टा किती हे जागेवरच कळतं. जिग (वजनदार गळ) तळाला टेकवा आणि हळूहळू उचला. तळाच्या रेषेपासून तिची रेषा ज्या उंचीला सुटी होते, तेवढा भाग तुम्हाला दिसत नाही असं धरा. तो फुटाच्या वर गेला तर सहा-आठ फूट पायथ्याकडे सरकून नवं भोक पाडा. तिथे तळ सपाट होतो, आणि कडेने फिरणारे मासेही बऱ्याचदा तिथूनच जातात. गेन (संवेदनशीलता) जिगची रेषा बारीक हिरवी दिसेल इतकाच ठेवा. चढा ठेवला तर सगळंच लाल होतं आणि मासा वेगळा ओळखू येत नाही.

माझ्यापुरता निकाल लागला तो पोलमुळे. लाइव्हचा किरणपंखा आडवा जेमतेम २० अंशांचा. मासा त्यातून बाहेर गेला की पोल फिरवून त्याला शोधावं लागतं, म्हणजे एक हात आणि दोन्ही डोळे जिगवरून निघाले. उणे १५ सेल्सिअसला भोकातला लगदा दांड्यावर गोठतो, स्टँडची फिरकी जड होते, हातमोजा ओला होतो. आणि थंड पाण्यातला वॉलआय हिसका देत नाही. दोर नुसता किंचित जड होतो. तो क्षण पोलच्या नादात निसटतो. फ्लॅशर भोकात सोडला की त्याला हात लावावा लागत नाही. बहुतेक मॉडेलवर कडेने येणारा मासा आधी फिकट हिरवा, मग केशरी, आणि जिगखाली आला की लाल दिसतो. लाल होताच जिग सहा इंच हळू वर न्यायची आणि धरून ठेवायची. मासा मागोमाग वर आला तर तो बहुधा घेणार.

बाकीचे मुद्दे दुय्यम. फ्लॅशरला ७ ते ९ अँपियर-तासांची बॅटरी दिवसभर पुरते. लाइव्हला मोठी लिथियम लागते, आणि ती शून्याखालच्या तापमानात चार्ज करायची नसते, घरात आणून ऊबेला आल्यावरच लावावी. किमतीत फरक मोठा आहे: फ्लॅशर काही शे डॉलर, लाइव्ह दोन हजारांच्या वर.

खिशाला परवडत असेल आणि दर वेळी नवं तळं धुंडाळायचं असेल, तर लाइव्ह घ्यायला कुणाला नाही म्हणणार नाही. एकच यंत्र घ्यायचं असेल तर मी तरी अरुंद शंकूचा फ्लॅशर आणि चांगला इलेक्ट्रिक ऑगर घेईन. दोन्ही असतील तर दुपारी लाइव्हने बारचं टोक हेरा, माथ्यावर दोन आणि पायथ्याला दोन भोकं आधीच पाडून ठेवा, आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी पोल गुंडाळून फ्लॅशर घेऊन बसा. उजेड कमी झाला की वॉलआय खायला माथ्याकडे चढतात. त्या वेळी ऑगर मुळीच चालवू नका.