मासेरूहून आणलेले बासोथो कांबळे

लेसोथोची राजधानी मासेरू येथील एका दुकानातून गेल्या जून महिन्यात मी तेथील बासोथो लोक अंगावर पांघरतात तसले ‘सेआना मारेना’ प्रकारचे कांबळे विकत घेतले आणि जोहान्सबर्गचा संपूर्ण हिवाळा ते वापरून पाहिले. त्यांच्या सेसोथो भाषेत अशा कांबळ्याला ‘कोबो’ म्हणतात. ‘सेआना मारेना’ हा त्यातील मानाचा प्रकार असून त्या नावाचा अर्थ राजांची शपथ वाहणे असा होतो. किंमत अर्थातच त्या मानाला साजेशी आहे.

लेबलावर नव्वद टक्के लोकर आणि दहा टक्के सुती धागा असे प्रमाण दिलेले आहे. लांबी-रुंदी साधारण १६५ बाय १५५ सेंटिमीटर आहे, म्हणजे अंथरुणात पांघरायला घ्याल तर पाय उघडे राहतात. माझीही पहिल्या रात्री हीच निराशा झाली. दोष मात्र माझा होता, कारण हे पांघरूण नसून वस्त्र आहे. पुरुष ते उजव्या खांद्यावर अडकवतात, तर स्त्रिया छातीवर मोठ्या पिनेने जोडतात. विणीतील बारीक पट्टे उभेच राहिले पाहिजेत, कारण ते वाढीचे प्रतीक मानले जातात. मी ते आडवे घेतले तेव्हा दुकानातील वयस्क विक्रेतीने एक शब्दही न बोलता माझ्या खांद्यावरून कांबळे काढले आणि फिरवून पुन्हा घातले. हे पट्टे मुळात गिरणीतील विणकामाच्या चुकीतून आले आणि लोकांना आवडल्यामुळे टिकले, असे सांगितले जाते.

तक्रार आहे ती कांबळ्यासोबत मिळालेल्या माहितीपत्रकाबद्दल. ‘हजारो वर्षांची परंपरा’ असे त्यावर छापले आहे आणि ते खरे नाही. बासोथो लोक पूर्वी कातड्याची वस्त्रे पांघरत. राष्ट्राचे संस्थापक राजे मोश्वेश्वे पहिले यांना १८६० मध्ये एका व्यापाऱ्याने लोकरी कांबळे भेट दिले, ते त्यांना आवडले आणि तेथून ही प्रथा रुजली, अशी सर्वत्र सांगितली जाणारी हकिकत आहे. पुढे १८९० च्या दशकातील साथीत दक्षिण आफ्रिकेच्या प्रदेशातील गुरे मोठ्या संख्येने दगावली आणि कातडे दुर्मीळ झाले. कांबळी बराच काळ इंग्लंडमधील यॉर्कशरच्या गिरण्यांतून येत. आज ती शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत विणली जातात. परदेशी माल एखाद्या समाजाने इतका आपलासा करावा की जन्म, लग्न आणि मुलग्यांचे दीक्षाविधी त्याच्यावाचून अडावेत, ही गोष्ट खोट्या प्राचीनतेपेक्षा किती तरी अधिक रंजक आहे, आणि विकणाऱ्यांनीच ती दडवावी याचे नवल वाटते.

माझ्या कांबळ्यावर मक्याची कणसे आहेत. मका हे तेथील मुख्य धान्य असल्याने कणीस सुफलतेचे चिन्ह ठरले. दुसऱ्या एका नमुन्याचे नावच ‘व्हिक्टोरिया इंग्लंड’ आहे. बोअर, म्हणजे डच वंशाच्या वसाहतकऱ्यांच्या, ऑरेंज फ्री स्टेट या शेजारच्या राज्याशी झालेल्या युद्धांत कॅलेडन नदीपलीकडची सुपीक जमीन जात असताना मोश्वेश्वे यांनी राणी व्हिक्टोरियाच्या ब्रिटनचे संरक्षण मागितले आणि १८६८ मध्ये ते मिळाले. ‘आम्ही राणीच्या कांबळ्यातल्या उवा आहोत’ हे त्यांच्या नावावर सांगितले जाणारे वाक्य त्याच काळातील राजकारणाचे आहे. ते आठवले की काही बासोथो कांबळ्यांवर दिसणारा मुकुट केवळ नक्षी राहत नाही.

मासेरूजवळच्या थाबा बोसिऊ या सपाट माथ्याच्या डोंगरावर मी हे कांबळे घेऊन चढलो. मोश्वेश्वे यांनी १८२४ पासून येथेच ठाण मांडले होते आणि त्यांची समाधीही वर आहे. माथ्यावरच्या बोचऱ्या वाऱ्यात कांबळ्याची खरी परीक्षा झाली. वारा आत शिरला नाही आणि उतरताना लागलेल्या भुरभुर पावसाचे थेंबही वरच्यावर राहिले. आपल्या धनगरी घोंगडीची आठवण होणे अपरिहार्य होते. घोंगडीपेक्षा हे मऊ आणि रंगीत आहे, पण उघड्या मानेला टोचतेच, त्यामुळे आत गळाबंद सदरा हवा.

नव्या लोकरीचा वास जायला दोन आठवडे लागले. घरी धुण्याचा मोह टाळून ड्रायक्लीनिंगच करावे. अंथरुणासाठी कांबळे हवे असेल त्याने हे घेऊ नये. हिवाळ्यात पहाटे बाहेर पडावे लागते त्याने जरूर घ्यावे, आणि पिन तेथेच विकत घ्यावी, कारण माझी साधी सेफ्टी पिन पहिल्याच दिवशी वाकली.